एका हादऱ्याला एक ओळ

आश्रमशाळा, ता. मोखाडा
१४ जानेवारी २०१९

प्रिय हरेशदादा,
सप्रेम नमस्कार.

माझं पत्र बघून दचकू नकोस. गावी जामसरला सगळे खुशाल आहेत. तीन वर्षांत मी तुला एकदाही लिहिलं नाही आणि आता काम पडल्यावर लिहायला बसले, याची लाज वाटते आहे. दिवाळीला मावशीकडे आले होते, तेव्हा तू घरात नव्हतास. शिरपामाळाकडे फिरायला गेलाय म्हणाली. घशाच्या ऑपरेशनने तुझा आवाज गेला तेव्हापासून पाहुणे आले की तू असाच निघून जातोस, हेही तिनेच सांगितलं. तुला फोनवर बोलता येत नाही आणि आमच्या शाळेत फोनला रेंज नाही. तेव्हा आपल्या दोघांना पत्रच बरं.

नोव्हेंबरपासून इथली जमीन हलते आहे, हे तू ऐकलं असशीलच. आधी लांबून मालट्रक यावा तशी घरघर ऐकू येते, मग पायाखालून एक धक्का. भांडी वाजतात, कौलं सरकतात आणि लगेच सगळं शांत. ती शांतताच जास्त भीती घालते. पाड्यावरचे लोक घर सोडून माळावर प्लास्टिक टाकून झोपतात, या थंडीत. आमच्या एकशेचाळीस निवासी मुलांपैकी अडतीस जणांना आईबाप घरी घेऊन गेले. 'मोठा हादरा अमक्या तारखेला येणार' असं रोज कुणीतरी सांगत येतं.

आता काम. ठाण्याच्या एका कॉलेजने जुनं सामान काढलं, त्यातलं भूकंपमापक आमच्या संस्थेला मिळालं. स्प्रिंगला टांगलेलं वजन, त्याच्या टोकाला चुंबक, आणि तिथून एक वायर जुन्या कॉम्प्युटरला. कॉम्प्युटरवर एक पान उघडतं. वर काळ्या चौकोनात हिरवी रेघ पळत असते, खाली 'आजचे हादरे' असा तक्ता. आणि पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात काय लिहिलंय, सांगू? 'प्रोग्राम : हरेश, जामसर.' मी दोनदा वाचलं. मुलांना सांगितलं, हा माझा मावसभाऊ. कुणाला खरं वाटेना.

गेल्या बुधवारी अकराच्या सुमाराला चांगला हादरा बसला. मुलांना मैदानात आणलं. थोड्या वेळात पाड्यावरचे पुंजाबाबा चार माणसं घेऊन आले. "बाई, तुझं यंतर काय सांगतं?" मी त्यांना आत नेलं, आणि तक्त्यात लिहिलेलं, 'आजचे हादरे : नाहीत.' पुंजाबाबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाले, "माझी सून भांडी धरून उभी होती. आन् हे सांगतं कायच नाय? यंतर पण माणसावानी खोटं बोलाय शिकलं."

संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करून परत सुरू केला, तर तक्त्यात सकाळचा हादरा अगदी वेळेसकट हजर! म्हणजे प्रोग्रामला कळलं होतं, पण त्याने तेव्हा सांगितलं नाही. असं का?

दादा, पुढे काय होणार ते कुणालाच सांगता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण जे झालं ते झालं आणि जे नाही झालं ते नाही, एवढं तरी या लोकांना कुणीतरी खरं सांगायला हवं.

तुझी,
जयवंती


जव्हार
१९ जानेवारी २०१९

चि. जयवंती,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात मिळालं. एसटी डेपोजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मी हल्ली बसतो. लोक सांगतात, मी फॉर्म टाइप करतो. प्रिंटर बिघडला तर दुरुस्त करतो. या कामात मला बोलावं लागत नाही.

'हरेश, जामसर' वाचलं आणि पत्र उलटं ठेवून दिलं. थोड्या वेळाने परत उचललं. मी सव्वीस वर्षांचा असताना त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. आडनावाच्या जागी गावाचं नाव टाकलं, कारण तिथल्या सरांना जामसर कुठे आहे ते माहीत नव्हतं आणि त्यांनी विचारावं असं मला वाटायचं. कुणी विचारलं नाही. तो प्रोग्राम कधीच भंगारात गेला असेल असं धरून चाललो होतो.

तुझं यंत्र खोटं बोलत नाही. पान आणि त्यातला प्रोग्राम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पान एकदा उघडलं की आहे तसंच राहतं, भिंतीवर लावलेल्या कागदासारखं. वरच्या काळ्या चौकोनात जो छोटा प्रोग्राम बसवलाय, त्याला प्लगइन म्हणतात. तो मात्र सतत चालू असतो. हादरा आला की तो फाइलमध्ये नोंद करतो. पण तक्ता पानाचा आहे, आणि पान ती फाइल फक्त उघडताना वाचतं. कीबोर्डच्या सगळ्यात वरच्या रांगेत एफ-५ बटण आहे. ते दाबलं की पान नव्याने उघडेल आणि हादरा दिसेल. कॉलेजात समोर विद्यार्थी बसलेले असायचे, ते दाबायचे. तुझ्याकडे हादरा आल्यावर बटण दाबायला कोण थांबणार? सगळे बाहेर पळणार, आणि पळालंच पाहिजे.

म्हणून एक करतो. पानाच्या आत बसलेल्या प्रोग्रामला बाहेरच्या पानाला हाक मारता येते. हादरा नोंदला की त्यानेच पानाला सांगायचं, नवं हो. चारच ओळींचं काम आहे, पण दहा वर्षांत हात लावलेला नाही. तीन दिवस लागतील. पेनड्राइव्ह सावळा नावाच्या एसटी कंडक्टरबरोबर पाठवतो. तो मोखाड्याला उतरून तुमच्या गाडीच्या माणसाकडे देईल.

एक लक्षात ठेव. हल्लीच्या ब्राउझरनी असे प्लगइन चालवणं बंद केलंय. त्या कॉम्प्युटरला इंटरनेट जोडू नकोस आणि त्यात नवीन काही भरू नकोस.

हरेश


आश्रमशाळा, ता. मोखाडा
२९ जानेवारी २०१९

प्रिय दादा,

झालं! काय झालं ते जसंच्या तसं सांगते.

पेनड्राइव्ह शुक्रवारी मिळाला. तू लिहून दिलंस तसं एकेक केलं. मग सकाळच्या प्रार्थनेनंतर आठवीचा वर्ग प्रयोगशाळेत बसवला आणि सांगितलं, कुणी कीबोर्डजवळ जायचं नाही. आमच्या स्वयंपाकीणबाई सुकरी, म्हणजे पुंजाबाबांची सून, नेमकी तांदळाचं पोतं कोठीत नेत होती. कोठी भिंतीपलीकडेच आहे. तिने पोतं धपकन खाली टाकलं. हिरवी रेघ उडाली. क्षणभर पान पांढरं झालं आणि परत आलं, तेव्हा तक्त्यात एक ओळ होती. तारीख, तास, मिनिट, सेकंद. लहान हादरा.

रोशनी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, कोणी हात नाय लावला." मग सगळे एकदम बोलायला लागले. सुकरी दारात येऊन विचारते, "काय झालं?" मी म्हटलं, तुझं पोतं लिहिलं त्याने. ती पदर तोंडाला लावून त्या ओळीजवळ आली. हळूच म्हणाली, "मग त्याला सगळंच कळतं काय गं बाय?"

मी नाही म्हणाले. जमीन हलली तेवढंच कळतं. पण तिच्याइतकंच मलाही काहीतरी वाटलं होतं. ती भीती नव्हती. देवळात घंटा वाजून थांबल्यावर जसं वाटतं तसं काहीसं.

तुझे आभार कसे मानू?

जयवंती


जव्हार
३ फेब्रुवारी २०१९

चि. जयवंती,

तांदळाच्या पोत्याची गोष्ट वाचून दुकानात एकटाच हसलो. हसताना माझ्या घशातून शिट्टीसारखा आवाज येतो. समोरचं गिऱ्हाईक चमकून बघायला लागलं.

आभार राहू देत. एक गोष्ट मनात खुपते आहे. पान नवं झालं की त्यातला प्रोग्रामही बंद होऊन पहिल्यापासून सुरू होतो. मी इथे एक साधी स्प्रिंग टांगून टेबलावर हात आपटून पाहिलं तेव्हा सगळं बरोबर झालं. पण माझ्याकडे मोठा हादरा नाही. मोठा आला, तर तक्त्यात किती ओळी आल्या ते मला लगेच कळव. एकच यायला हवी. तोवर पाड्यावरच्या लोकांना त्यावर विसंबायला सांगू नकोस.

उत्तर लवकर पाठव.

हरेश


आश्रमशाळा, ता. मोखाडा
११ फेब्रुवारी २०१९

प्रिय दादा,

पत्र मिळालं. सध्या यंत्र बंद ठेवलंय. चाचणी परीक्षेचं काम आहे, तपासायचे गठ्ठे पडले आहेत. तू काळजी करू नकोस. सवड झाली की सविस्तर लिहीन. मावशीला नमस्कार.

जयवंती


जव्हार
१५ फेब्रुवारी २०१९

चि. जयवंती,

तुझ्या पत्रात माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. म्हणून सावळा कंडक्टर चहाला आला तेव्हा त्याच्यापुढे कागद सरकवला, 'आश्रमशाळेत काय झालं?' त्याने सांगितलं ते असं. पाच तारखेला दुपारी मोठा हादरा बसला. तू मुलांना घेऊन मैदानात होतीस. पुंजाबाबा आणि बाकीचे लोक प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभे राहून पान बघत होते. पान पांढरं व्हायचं, परत यायचं, आणि दर वेळी एक ओळ वाढायची. एक, दोन, सात, वीस. लोक मोठ्याने मोजत होते. जमीन तर गप्प होती, मग त्यांना वाटलं की आपल्याला कळत नाही असं काहीतरी खाली चाललंय आणि आता जमीन फाटणार. त्रेचाळीस ओळी झाल्यावर तू वायर ओढलीस. तोवर पाडा पळत सुटला होता, आणि त्या गर्दीत सुकरी पायरीवरून पडून तिचा हात मोडला. निम्मी मुलं घरी गेली. संस्थेच्या कार्यवाहांनी यंत्र खोक्यात भरून ठेवायला सांगितलं.

हे सगळं तू 'चाचणी परीक्षेचं काम' या तीन शब्दांत गुंडाळलंस. मला वाईट वाटू नये म्हणून. पण मला कळायलाच हवं होतं, जयू. माझ्यापासून गोष्टी लपवणारी माणसं घरात भरपूर आहेत.

चूक कुठे झाली ते सापडलं. लहान धक्क्याची प्रोग्राम नुसती एक ओळ लिहितो, मोठ्याची पूर्ण रेघ मात्र दुसऱ्या एका फाइलमध्ये ठेवतो. सुरू झाला की आधी ती फाइल वाचतो. तिथे त्याला मोठा हादरा दिसला, त्याने तो नवाच समजून नोंदला आणि पानाला हाक मारली. पान नवं झालं, त्याबरोबर प्रोग्राम परत सुरू झाला, परत फाइल वाचली, परत हाक. तू वायर ओढली नसतीस तर तो संध्याकाळपर्यंत तेच करत राहिला असता. हादरा एकच होता. त्रेचाळीस वेळा लिहिला तो मी.

आता तक्ता वेगळ्या चौकटीत ठेवलाय. फक्त ती चौकट नवी होईल, प्रोग्रामला धक्का लागणार नाही. शिवाय प्रत्येक हादऱ्याला क्रमांक दिलाय. एकदा लिहिलेला क्रमांक परत लिहिला जाणार नाही. या वेळी टेबलावर हात आपटून थांबलो नाही. काल दिवसभर दुकानाच्या फरशीवर लोखंडी पहार आपटली, एकूण एकशे साठ वेळा. मालकाला वाटलं माझं डोकं फिरलं. एकशे साठ ओळी आल्या, एकही जास्त नाही.

सोबतचा दुसरा कागद पाड्यावर सगळ्यांसमोर वाच. मला स्वतः सांगता येत नाही म्हणून लिहून देतो आहे.

हरेश

[सोबतचा कागद]

पाड्यावरच्या सगळ्या मंडळींना हरेशचा नमस्कार. मी जामसरचा, जयवंतीबाईंचा मावसभाऊ. शाळेतल्या यंत्राचा प्रोग्राम माझा आहे. पाच तारखेला एकच हादरा आला होता. बाकीच्या बेचाळीस ओळी खोट्या होत्या आणि त्या माझ्या चुकीमुळे आल्या. यंत्राची चूक नाही, बाईंची तर नाहीच. सुकरीबाईंचा हात माझ्यामुळे मोडला. मी माफी मागतो. मी चूक दुरुस्त केली आहे, पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. तुम्ही स्वतः तपासा, आणि पटलं नाही तर यंत्र परत पाठवा.


आश्रमशाळा, ता. मोखाडा
२४ फेब्रुवारी २०१९

प्रिय दादा,

आधी माझी माफी. तुझ्यापासून लपवलं ते चुकलंच. त्या दिवशी खिडकीशी उभ्या माणसांचे चेहरे मी पाहिले होते, आणि ते तुला कुठल्या शब्दांत सांगावं ते सुचेना.

तुझा कागद गेल्या रविवारी शाळेच्या अंगणात वाचला. कार्यवाह नको म्हणत होते, 'आता झालं गेलं, कशाला परत काढता?' मी म्हटलं, ज्यांना पळवलं त्यांना कारण कळू दे. पन्नासेक माणसं आली. मी वाचत असताना मागे लेकरं रडत होती, कोंबड्या फिरत होत्या, पण 'सुकरीबाईंचा हात माझ्यामुळे मोडला' या वाक्याला सगळ्यांच्या माना सुकरीकडे वळल्या. ती पुढेच बसली होती, प्लास्टरातला हात मांडीवर घेऊन. म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. मग ती बायकांकडे वळून म्हणाली, "चुकलो असं कागदावर लिवून धाडणारा माणूस मी पयल्यांदा बघितला."

पुंजाबाबा मात्र एवढ्याने ऐकणारे नव्हते. "त्यानंच लिवलंय ना, तपासा म्हणून? तर तपासू." ते घरून भाताचं मुसळ घेऊन आले. यंत्र खोक्यातून काढून जागेवर बसवलं आणि तू पाठवलेला नवा प्रोग्राम घातला. निम्मे लोक आत, निम्मे खिडकीशी. पुंजाबाबांनी यंत्राच्या कट्ट्याशेजारी मुसळ उचलून दाणकन आपटलं. एक ओळ. पुढची येते का म्हणून सगळे वाट बघत राहिले. मीही. दादा, ती पाच मिनिटं मला पाच तासांसारखी गेली. दुसरी ओळ आली नाही. त्यांनी परत आपटलं, दुसरी ओळ. परत वाट. तिसऱ्यांदा आपटून त्यांनी मुसळ भिंतीला टेकवलं आणि मला म्हणाले, "तीन हाणले, तीन लिवले. आता खरं बोलतं."

त्या दिवसापासून शाळेच्या फाटकाशी फळा ठेवलाय. संध्याकाळी त्यावर दिवसभराचे हादरे लिहिते. मंगळवारी चार, गुरुवारी एक, आणि शनिवारी, दादा, शून्य. मुसळाआधी हे शून्य कुणाला पटलं नसतं. शनिवारी पुंजाबाबा फळा बघून सरळ घरी गेले. चौतीस मुलं परत आली आहेत. शून्य म्हणजे उद्या काही येणार नाही असं नाही, हे मी रोज सांगते. हादरा आला तर बाहेर कसं पडायचं, याची सवयही रोज करून घेते.

तू एकदा ये ना. सगळे तुझ्याबद्दल विचारतात.

जयवंती


जव्हार
२८ फेब्रुवारी २०१९

चि. जयवंती,

शनिवारच्या शून्याबद्दल वाचून फार बरं वाटलं.

यायचं म्हणशील तर नको. पन्नास माणसं जमतील, काहीतरी विचारतील, आणि मी पाटीवर लिहीत बसणार, ते खोळंबून बघत बसणार. तो खोळंबा मला सहन होत नाही. कागदावर मी बरा आहे. तू रागावू नकोस.

हरेश


आश्रमशाळा, ता. मोखाडा
८ मार्च २०१९

प्रिय दादा,

रागावले होते. आता राग नाही, कारण काल जे पाहिलं त्यात राग कुठे राहिलाच नाही.

काल दुपारी सव्वादोनची गोष्ट. मधली सुट्टी संपली होती. मी आठवीला लाटा शिकवत होते, तेही यंत्राच्याच खोलीत. सगळीकडे शांत होतं. भांडं वाजलं नाही, कौल हललं नाही, कुणाला काही जाणवलं नाही. आणि तक्त्याची चौकट आपोआप नवी झाली. एक ओळ आली. रेघ बारीक थरथरत होती. आपला हादरा असतो तसा झटका नाही, नुसती थरथर, मिनिटभर. मला वाटलं, परत काहीतरी बिघडलं. मुलंही माझ्याकडे बघायला लागली. त्यांच्या तोंडावर पाच तारीखच होती.

मग वाटलं, तू एकशे साठ वेळा पहार आपटून पाठवलेला प्रोग्राम आहे. एकदा त्यालाच खरं मानून बघू. मुलांना जागेवर बसवलं आणि टेकडीवर धावत गेले. वर फोनला रेंज येते. पाहिलं, तर पूर्वेकडे लांब समुद्रात मोठा भूकंप झाला होता, आपल्यापासून सहा हजार किलोमीटरवर, दोन वाजून पाच मिनिटांनी. आणि आमची ओळ होती दोन वाजून चौदा मिनिटं आणि काही सेकंदांची. दादा, पृथ्वीच्या पोटातून ती लाट साडेनऊ मिनिटांत आमच्या शाळेखाली आली होती!

मी तिथेच दगडावर बसले. आणि मग आठवलं, मी नुकतंच काय शिकवत होते ते. पोटातून येणारी लाट जलद असते. तिच्यामागून जमिनीच्या पाठीवरून येणारी लाट सावकाश येते आणि मोठी असते. सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर. सहा हजार भागिले साडेतीन. फोनवरच हिशेब केला. अठ्ठावीस-एकोणतीस मिनिटं. म्हणजे दोन चौतीसच्या आसपास. घड्याळात दोन तेवीस झाले होते. ती लाट अजून वाटेत होती.

टेकडी कशी उतरले ते मला ठाऊक नाही. वर्गात शिरून म्हटलं, "जमिनीवरून एक लाट येते आहे. अकरा वाजता तास भरतो तशी, ठरल्या वेळी. कुणाला काही होणार नाही, पायाला कळणारही नाही. पण ती येणार." रोशनी पळत जाऊन सुकरीला घेऊन आली. फाटकाशी पुंजाबाबा होते, तेही आले. त्यांनी विचारलं, "कुठनं येते?" मी म्हटलं, समुद्राच्या पलीकडून. "आन् तुला आधी कसं कळलं?" मी म्हटलं, तिची धाकटी बहीण आधी येऊन सांगून गेली. चूक असेल तर परत मला खोटं म्हणा.

दोन एकतीस. बत्तीस. रेघ सरळ. दादा, तेव्हा मला किती भीती वाटली म्हणून सांगू. भूकंपाची नाही, ती न येण्याची. तेहतीस. कुणीतरी खोकलं. चौतीसला रेघ हळूच वर गेली. झटका नाही, थरथर नाही. झोपलेल्या माणसाची छाती वर यावी तशी वर गेली, थांबली आणि खाली आली. मग परत वर, आधीपेक्षा उंच. एका श्वासाला वीस सेकंद. टेबलावर पाण्याचा पेला होता, त्यातलं पाणीही हललं नाही. पण रेघ वर जात होती, खाली येत होती. आणि तक्त्याची चौकट एकदाच नवी झाली आणि तिथे एकच ओळ आली.

सुकरी खाली वाकली आणि बरा असलेला हात तिने फरशीवर ठेवला. "आता आपल्या खालनं चाललीय?" मी हो म्हटलं. "आपण पण वर-खाली होतोय?" हो, शाळा, पाडा, डोंगर, सगळंच. केसाएवढं. तिने पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. मी काही सांगितलं नव्हतं. मग पुंजाबाबांनी काढल्या, मग मुलांनी. मी पण काढल्या. आम्ही सगळे अनवाणी उभे होतो आणि रेघ बघत होतो, सतरा मिनिटं. कुणी एक शब्द बोललं नाही.

शेवटी सुकरीने विचारलं, "जिथनं आली तिथं माणसं राहतात काय?" मला माहीत नव्हतं. परत टेकडीवर जाऊन पाहून आले. खोल समुद्रात झाला होता, कुणाला इजा झाली नव्हती. हे सांगितलं तेव्हा तिने हात जोडले. इतके दिवस आमच्या हादऱ्यांमुळे जिचं बिऱ्हाड उघड्यावर पडलं होतं, ती परक्या मुलखातल्या माणसांची खुशाली विचारत होती. तक्त्यात ओळी दोन होत्या, पण भूकंप एकच, म्हणून संध्याकाळी फळ्यावर मी लिहिलं, 'आजचे हादरे : एक. पाहुणा.' रात्री ती आपल्या घरात झोपली. 'बाहेर झोपले काय, आत झोपले काय, जमीन तीच,' असं सकाळी म्हणाली. तिच्या भिंतीला तडा नाही आणि कुडाचं घर हलकं आहे, हे मी आधी बघून आले होते, म्हणून मीही अडवलं नाही.

हे तू पाहायला हवं होतंस. एवढंच.

जयवंती


जव्हार
१२ मार्च २०१९

चि. जयवंती,
अनेक आशीर्वाद.

पत्र दुकानात उघडलं आणि वाचून झाल्यावर बाहेर डेपोच्या कठड्यावर येऊन बसलो. गाड्या येत-जात होत्या. मी जमिनीकडे बघत होतो.

सव्विसाव्या वर्षी तो प्रोग्राम लिहिला तेव्हा पुस्तकात वाचलं होतं, की अशा लाटा लांबून येतात आणि स्प्रिंगच्या वजनाला त्या कळतात. कॉलेजात पाच वर्षं वाट पाहिली. खाली रस्त्यावरच्या वाहनांच्या थरथरीत काही दिसलं नाही. पुढे विसरून गेलो. ती लाट शेवटी माझ्या नावाच्या पानावर आली, ती तुमच्या पाड्यावर.

तुझ्या शाळेकडून माझ्या दुकानापर्यंत यायला तिला आठ-नऊ सेकंद लागले असतील. म्हणजे सात तारखेला दोन चौतीसलाच मीही केसभर वर उचलला गेलो होतो. त्या वेळी मी काय करत होतो ते आठवून पाहिलं. एक म्हातारे गृहस्थ काउंटरशी उभे राहून मला काहीतरी विचारत होते, आणि मी कामात असल्यासारखं मान खाली घालून बसलो होतो. ते थोडा वेळ थांबले आणि निघून गेले. खोळंबा नको म्हणून मी त्यांना उत्तरच दिलं नाही. तिकडे तुम्ही सगळे सतरा मिनिटं अनवाणी, एक शब्द न बोलता, एका रेघेसाठी थांबलात. हे मला काल दिवसभर पुरलं.

दुकानात एक दुसरी स्प्रिंग तयार करतो आहे. दोन यंत्रं दोन ठिकाणी असली, तर हादरा कुठल्या बाजूने आला ते सांगता येतं. नवं तुझ्याकडे राहील, जुनं इथे जव्हारला. ते बसवायला कट्टा कसा बांधायचा हे पत्रात लिहून समजणार नाही, हाताने दाखवावं लागेल. पुंजाबाबांना त्यांचं मुसळ तयार ठेवायला सांग. ते तपासल्याशिवाय मी यंत्र तुमच्या हवाली करणार नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने येतो. फाट्यापासून शाळा किती लांब आहे ते मला माहीत नाही, पण कुणाला घ्यायला पाठवू नकोस. वाटेत भेटेल त्याला पाटीवर लिहून विचारीन.

हरेश, जामसर